स्कॉलरशिप सगळ्यात मोठी, आणि कॉलेजही सगळ्यात महाग

पत्र:

ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगी बारावीत आहे. सात वर्षं व्हायोला (व्हायोलिनची जरा थोरली बहीण) वाजवतेय आणि आता तेच करायचं म्हणतेय. तीन ठिकाणी अ‍ॅडमिशन मिळालीय. बॉस्टनच्या एका कॉन्झर्वेटरीचा (फक्त संगीताचं कॉलेज) राहण्या-जेवणासकट खर्च वर्षाला ७८,००० डॉलर, त्यातले २८,००० ते स्कॉलरशिप देतायत. मिडवेस्टमधल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या म्युझिक स्कूलचा खर्च ५८,०००, स्कॉलरशिप २४,०००. आणि आमच्याच राज्यातलं कॉलेज, ३६,००० पैकी १०,००० माफ. मुलीला बॉस्टनच हवंय. ह्यांचं म्हणणं, राज्यातलं घे आणि जोडीला कॉम्प्युटर सायन्स कर, नुसतं वाजवून पोट भरतं का. (स्वतः मात्र दर रविवारी सकाळी भीमसेनजी लावून बसतात.) ५२९ मध्ये, म्हणजे कॉलेजसाठीच्या बचत खात्यात, तिच्यासाठी ७०,००० आहेत, पगारातून महिना हजार काढू शकू. धाकटा नववीत आहे. पुण्यात सासूबाईंना ब्यूरोची बाई ठेवलीय, तिचे पैसे आम्हीच पाठवतो. मिडवेस्टच्या टीचरने तर ट्रायल लेसनला चाळीस मिनिटं नुसत्या मोकळ्या तारा वाजवून घेतल्या, बाहेर आली ती रडतच. (आणि त्याच रात्री हॉटेलच्या बाथरूममध्ये साडेदहाला प्रॅक्टिस करत बसली, खालून फ्रंट डेस्कचा फोन आला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.) त्या टीचरची आता मेल आलीय की लवकर कळवा. बॉस्टनसाठी आम्ही पॅरेंट लोन काढावं का? घरात दोन आठवडे कोणी कोणाशी धड बोलत नाहीये.

गोंधळलेली आई

उत्तर:

तू ताई म्हणालीस म्हणून मीही सरळ अगं-तुगंच करते. आधी त्या पोरीला माझ्याकडून शाबासकी दे. प्रीस्क्रीनचे, म्हणजे ऑडिशनआधीच्या चाळणीचे, व्हिडिओ पाठवा, मग जानेवारी-फेब्रुवारीत बर्फातून वाद्य कवटाळून ऑडिशन्सना फिरा, आणि वर बारावीचा अभ्यास, हे सगळं करून तीन ठिकाणी पैशांसकट होकार म्हणजे काय असतं ते आपल्याकडे गणपतीत भेटणाऱ्या लोकांना कळत नाही, कारण त्यांना फक्त आयव्ही लीगची नावं पाठ असतात.

आता २८,००० हा आकडा डोक्यातून काढून टाक. खरंच सांगते, या सगळ्या गोंधळात सगळ्यात जास्त घोळ तोच घालतोय. स्कॉलरशिपचा आकडा म्हणजे दुकानातल्या सेलची पाटी असते गं, "किती वाचले" ते मोठ्या अक्षरात आणि "किती द्यायचे" ते खाली बारीक. तुमची सगळ्यात मोठी स्कॉलरशिप ज्या कॉलेजची आहे तेच तुम्हाला सगळ्यात महाग पडतंय.

कागद घे आणि लिही. बॉस्टन वर्षाला ५०,०००, मिडवेस्ट ३४,०००, राज्यातलं २६,०००. याला चारने गुणून मोकळं व्हायचं नाही बरं का, कारण कॉलेजचा खर्च दर वर्षी वाढतो आणि स्कॉलरशिप बहुतेक ठिकाणी आहे तेवढीच राहते. मी ४ टक्के वाढ धरून हिशोब केला. बॉस्टनचे चार वर्षांचे साधारण २,१९,००० होतात, मिडवेस्टचे १,५०,०००, राज्यातले १,१३,०००. दुसऱ्या बाजूला तुमच्याकडे काय आहे ते लिही. ५२९ चे ७०,०००, महिना हजार म्हणजे चार वर्षांचे ४८,०००, झाले १,१८,०००. त्यात मुलीच्या स्वतःच्या नावावर मिळणारं सरकारी स्टुडंट लोन, पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, मग दोन वर्षं ७,५००, म्हणजे २७,०००. एकूण १,४५,०००.

हा तुमच्या घराचा आकडा आहे. तो तिला माहितीये का? पत्रावरून तरी वाटत नाही. आपल्याकडे मुलांपासून पैशाची गोष्ट लपवायची पद्धत आहे, "तू अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघू", आणि मग एप्रिलमध्ये अचानक "परवडत नाही" म्हणायचं, की मुलांना वाटतं आईबाबांना आपलं वाजवणं पटत नाही म्हणून पैशाचं निमित्त काढलंय. तुमच्या घरात नेमकं तेच झालंय असं मला दिसतंय, कारण तुझा नवरा पैशाबद्दल बोलताना पोटापाण्याबद्दल बोलतोय आणि पोटापाण्याबद्दल बोलताना पैशाबद्दल, दोन वेगळी भांडणं एकाच पातेल्यात शिजतायत.

तर पॅरेंट लोनचं. माझं उत्तर नाही. बॉस्टनच्या २,१९,००० मधून १,४५,००० वजा केले की ७४,००० चं भगदाड उरतं. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्याने पॅरेंट प्लस (आईवडिलांच्या नावावरचं सरकारी कर्ज) घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि सगळं मिळून ६५,००० एवढीच मर्यादा आहे, म्हणजे ते पुरतं घेतलं तरी भगदाड बुजत नाही, वरचं प्रायव्हेट कर्ज, त्याला को-साइनर, म्हणजे जामीन, पुन्हा तुम्हीच. २०२५-२६ मध्ये प्लसचा व्याजदर ८.९४ टक्के होता, शिवाय ४ टक्क्यांहून जास्त फी ते आधीच कापून घेतात. त्या दराने ६५,००० चा दहा वर्षांचा हप्ता महिन्याला आठशेच्या वर जातो. आज तुम्ही ओढूनताणून हजार काढताय. आणि धाकटा आता नववीत म्हणजे हिच्या शेवटच्या वर्षात त्याचं पहिलं वर्ष येणार, आणि दोन मुलं एकदम कॉलेजात असली की फाफ्सामध्ये (सरकारी मदतीच्या अर्जात) पूर्वी जी सवलत मिळायची ती २०२४-२५ पासून गेलीये.

आणखी एक गोष्ट जी ऑडिशनच्या धांदलीत कोणी सांगत नाही. वाजवण्यातच पुढे जायचं असेल तर बॅचलर्सवर गाडी थांबत नाही, बहुतेक जण मास्टर्स करतातच. तिथे पैशाचं गणित पुष्कळदा बरं असतं, असिस्टंटशिप (कामाच्या बदल्यात फीला मदत) मिळू शकते, येलच्या म्युझिक स्कूलमध्ये तर २००५ मधल्या १० कोटी डॉलरच्या एका देणगीमुळे ट्यूशनच नाहीये. पण मास्टर्सवाल्यांसाठी ग्रॅड प्लस नावाचं जे कर्ज होतं ते १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद, ग्रॅडच्या सरकारी कर्जावर वर्षाला २०,५०० ची मर्यादा आलीये. मग बॅचलर्सलाच सगळे खिसे उलटे करून ठेवले तर बाविसाव्या वर्षी ती चांगल्या टीचरकडे जायला मोकळी कशी राहणार? (फिलाडेल्फियाच्या कर्टिसमध्ये १९२८ पासून कोणालाच ट्यूशन नाही, लॉस एंजेलिसच्या कोलबर्न कॉन्झर्वेटरीत राहणं-जेवणही फुकट, पण तिथे अख्ख्या जगातून मूठभर मुलं घेतात. तिथे अर्ज केला असेल आणि नाही झालं तर त्याचं दुःख करत बसू नका.)

आता बाथरूमकडे येऊ.

तू ते कंसात लिहिलंयस, तक्रार म्हणून, फ्रंट डेस्कच्या फोनची लाज वाटली म्हणून. मला तुझ्या अख्ख्या पत्रात तेवढंच वाक्य दोनदा वाचावंसं वाटलं. चाळीस मिनिटं मोकळ्या तारा वाजवून घेतल्या म्हणून रडत बाहेर आलेली मुलगी त्याच रात्री बाथरूमचं दार लावून, बहुतेक टबच्या कडेवर बसून, पुन्हा व्हायोला काढते. का? तू तिला विचारलंस का ती काय वाजवत होती? ऑडिशनचा तुकडा, की त्याच मोकळ्या तारा? अगं, आपल्याकडे गुरू महिनोन्महिने नुसता खर्ज लावून घेतात, शिष्य कंटाळतो, रडतो, आणि एक दिवस त्याला स्वतःच्याच आवाजात काहीतरी ऐकू येतं. या टीचरने एका तासात, अ‍ॅडमिशनही पक्की नसलेल्या मुलीच्या उजव्या हातावर चाळीस मिनिटं खर्च केली. गोड बोलून, एक-दोन टिप्स देऊन हसत वाटेला लावणं त्याला जास्त सोपं होतं. बॉस्टनच्या लेसनबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस. तो छान झाला असेल, नाही असं नाही. पण तिला बॉस्टन हवंय म्हणजे नक्की काय हवंय? ते शहर, तिथले मोठमोठे कॉन्सर्ट, कॉलेजचं नाव, मैत्रीण जातेय, की तो टीचर? वेगवेगळी उत्तरं आहेत ही, आणि सतराव्या वर्षी सगळी एकाच शब्दात येतात.

म्युझिकमध्ये कॉलेजपेक्षा टीचर मोठा. आठवड्याला एक तास, चार वर्षं, एकाच माणसासमोर. हे तुझ्या नवऱ्याला वेगळं समजवायची गरज नाही, भीमसेनजी अकराव्या वर्षी घरातून पळाले ते कुठल्या संस्थेचं नाव ऐकून नव्हे, गुरू हवा म्हणून ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर पालथं घालत शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे पोचले. पुढच्या रविवारी चहाच्या वेळी हा विषय हळूच काढ, चिडवून नको.

माझं स्वतःचं सांगते. माझा मोठा बसून वाजवायचा. हो, वाद्याचं नावच बसून, आणि वाजवतातही बसून, हा विनोद आमच्या घरी आजोबांनी इतक्या वेळा केलाय की आता कोणी हसत नाही. आम्ही २०११ मध्ये तुझ्यासारखेच बसलो होतो आणि ज्या कॉलेजचं स्कॉलरशिपचं पत्र सगळ्यात जाड होतं तिथे त्याला पाठवलं. पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की जीपीए (४ पैकी मार्कांची सरासरी) ३.५ च्या खाली गेला तर रक्कम कमी होईल. आम्ही म्हटलं, आपला मुलगा, ३.५ काय मोठं. दुसऱ्या सेमिस्टरला सकाळी आठचा म्युझिक थिअरीचा वर्ग आणि इअर ट्रेनिंग, दोन्हीत सी, आणि स्कॉलरशिप निम्मी. त्यात ज्याच्यासाठी गेलो तो टीचर दुसऱ्या वर्षी सबॅटिकलवर, म्हणजे लांब रजेवर, वर्षभर एक ग्रॅड स्टुडंट शिकवायचा. कोणी फसवलं नाही आम्हाला, सगळं छापलेलं होतं, आणि जे छापलेलं नव्हतं ते विचारायचं आम्हाला सुचलं नाही. आता तो पेनसिल्व्हेनियात शाळेत बँड शिकवतो, मजेत आहे, पण त्या वर्षाचा विषय निघाला की मी अजूनही भांडी घासायला उठते.

म्हणून तिन्ही पत्रं काढ आणि दुसरं पान वाच. जीपीए किती लागतो, तो फक्त म्युझिकचा की सगळ्या विषयांचा, आठ सेमिस्टरची खात्री आहे का, मेजर (मुख्य विषय) बदललं तर पैसे जातात का, ऑर्केस्ट्रात वाजवणं सक्तीचं आहे का. टीचरला मुलीने स्वतः लिहायचं, तू नाही. पुढची चार वर्षं तुम्ही इथेच आहात का, दर आठवड्याचा लेसन तुम्हीच घेता का, स्टुडिओत किती व्हायोला आहेत, आणि तुमचे गेल्या काही वर्षांतले विद्यार्थी आता काय करतात. शेवटच्या प्रश्नाला ऑर्केस्ट्रातली दोन मोठी नावं सांगून विषय संपवला तर बाकीच्यांचं विचार. जमलं तर तिथल्याच दोन मुलांशी फोनवर बोलायला सांग, प्रॅक्टिस रूम रात्री मिळतात का वगैरे. मुलं मुलांना खरं सांगतात.

कॉम्प्युटर सायन्सबद्दल. तुझ्या नवऱ्याची काळजी खोटी नाहीये, मी त्याला खलनायक करणार नाही. मोठ्या ऑर्केस्ट्रात एक जागा निघाली की पडद्याआड ढिगाने लोक वाजवून जातात. पण परफॉर्मन्सच्या बॅचलर्समध्ये साधारण दोन तृतीयांश क्रेडिट्स म्युझिकचेच असतात, वर रोजची चार-पाच तास प्रॅक्टिस, दुपारभर रिहर्सल आणि नेमक्या त्याच वेळी सीएसची लॅब. ओबर्लिनसारख्या ठिकाणी दोन्ही डिग्र्यांचा रीतसर कोर्स आहे तोही पाच वर्षांचा, म्हणजे एक वर्षाचा खर्च आणखी. बऱ्याच मोठ्या युनिव्हर्सिटीत सीएसला वेगळी अ‍ॅडमिशन लागते, नंतर आत शिरणं कठीण. "जोडीला करून टाक" असं ते होत नाही. त्यापेक्षा त्याने हे विचारावं की तिथे मायनर (जोडविषय) काय करता येतो, किंवा म्युझिक एज्युकेशनची डिग्री कशी आहे, तिच्यात शिकवायचं लायसन्स मिळतं आणि पब्लिक स्कूलमध्ये ऑर्केस्ट्रा शिकवणाऱ्याला पगार, इन्शुरन्स, पेन्शन सगळं असतं. कॉन्झर्वेटरीपेक्षा युनिव्हर्सिटीत अशी दारं जास्त असतात, हेही मिडवेस्टच्या बाजूनेच जातं. पण हे तिच्यावर लादू नका, फक्त दार आहे एवढं दाखवा.

माझं मत आता तुला कळलंच असेल, तरी सरळ सांगते. तुमच्या १,४५,००० समोर मिडवेस्ट १,५०,०००, म्हणजे पाचेक हजारांचा फरक, तो उन्हाळ्यातल्या कामातून, डॉर्ममध्ये आरए (मुलांवर लक्ष ठेवणारी) होऊन किंवा दोन वर्षांनी बाहेर खोली घेऊन निघतो. राज्यातलं घेतलं तर कर्जच लागत नाही, आणि तिथला टीचर चांगला असेल तर त्यात कमीपणा काहीच नाही, पण त्याच्याबद्दल तुमच्यापैकी कोणीच काही बोलत नाहीये याची मला गंमत वाटते. तिथेही एक लेसन घेऊन या ना, गाडीने जाता येईल. बॉस्टन मात्र आत्ताच्या किमतीला नाही.

आत्ताच्या किमतीला, असं म्हटलं मी. कारण विचारता येतं. ही तुळशीबागेतली घासाघीस नाही, "त्यांनी इतके दिले तुम्ही किती देता" असं लिहिलं की लोक दुखावतात. मुलीने टीचरला लिहावं की मला तुमच्याकडे शिकायचंय, घरचं गणित एवढ्याने अडतंय, काही होऊ शकेल का. आणि तुम्ही फायनान्शियल एडच्या ऑफिसला वेगळं लिहा, ही दोन वेगळी दारं आहेत, एक वाजवण्यावर पैसे देतं आणि दुसरं घरच्या परिस्थितीवर. सासूबाईंच्या ब्यूरोच्या बाईचा महिन्याचा खर्च तिथे लिहिलाय का? सीएसएस प्रोफाइलमध्ये (बरीच कॉलेजं मदतीसाठी मागतात तो अर्ज) अशा खास परिस्थितीसाठी जागा असते, आपले लोक संकोचाने ती कोरी सोडतात. पैसे पाठवल्याच्या पावत्या जोड. नेमका आकडा सांग. बॉस्टनला वर्षाला आणखी साधारण १८,००० लागतील, खरं सांगायचं तर एवढं क्वचित मिळतं, पण मिडवेस्टकडे दोन हजार मागायला काहीच हरकत नाही. तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती व्हायोला वाजवते. व्हायोलिनवाले पोत्याने येतात, पण प्रत्येक क्वार्टेटला आणि प्रत्येक ऑर्केस्ट्राला व्हायोला लागतातच आणि त्या नेहमी कमी असतात.

त्या टीचरच्या "लवकर कळवा" ने घाबरू नका. त्याच्या स्टुडिओत जागा मोजक्या, खाली वेटलिस्टवर दुसरं कोणाचं तरी मूल ताटकळतंय, म्हणून विचारतोय. नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ म्युझिकची मेंबर असलेली कॉलेजं १ मे च्या आधी दिलेला होकार बंधनकारक धरत नाहीत. १ मे म्हणजे आपला महाराष्ट्र दिन, विसरायचं कारण नाही. तिने त्याला दोन ओळी लिहाव्या की अमुक तारखेपर्यंत नक्की सांगते. दोन ठिकाणी डिपॉझिट भरून ठेवू नका, त्या वेटलिस्टवरच्या मुलाच्या आईचा विचार कर.

आणि हिशोबात अजून एक ओळ वाढव, किरकोळ म्हणून. तारांचा एक सेट शंभरच्या वर जातो, बोचे, म्हणजे गजाचे, केस बदलावे लागतात, आस्पेनसारख्या समर फेस्टिव्हलला फेलोशिप नाही मिळाली तर काही हजार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कधीतरी टीचर म्हणणार की हे वाद्य आता तुला पुरत नाही. त्या वाक्याची किंमत गाडीएवढी असू शकते. आत्ताच विचारून ठेवा, कॉलेजकडे चांगली वाद्यं वापरायला मिळतात का.

या शनिवारी जेवणं झाली की टेबल पुसून तो कागद मधे ठेवा. तिघंही बसा, धाकटाही बसू दे, त्यालाही कळू दे पैसा कुठून येतो. आधी तुम्ही दोघांनी सांगायचं, आमच्याकडे एवढे आहेत, याच्या पुढे आम्ही कर्ज काढणार नाही, आणि याच्या आत तू जे निवडशील त्याला आमचा होकार. मग नवऱ्याने गप्प बसायचं. हे अवघड आहे, त्याला हातात काहीतरी दे, शेंगदाणे सोलायला वगैरे. ती रडेल, कदाचित दार आपटेल, बॉस्टन कागदावर बसत नाहीये हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी वजाबाकी करून दिसू दे, तू करून दाखवू नकोस. आणि मग दुसऱ्या दिवशी, गाडीत, दोघीच असताना, तिला ते बाथरूमचं विचार.

जिथे जायचं नाही त्या दोन्ही टीचर्सना तिने स्वतःच्या हाताने नीट, छान मेल लिहायची, कॉपी-पेस्ट नको. व्हायोलावाल्यांचं जग एवढंसं असतं, चार वर्षांनी मास्टर्सच्या ऑडिशनला टेबलापलीकडे त्यातलंच कोणीतरी बसलेलं असायचं.